तंबूंवरील बंदीला पाठिंबा द्यावा का? एका पालकाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. अमेरिकेतील ज्या शहरात तुम्ही राहता, तेथील सिटी कौन्सिलपुढे सार्वजनिक जागेत तंबू टाकण्यास आणि झोपण्यास मनाई करणारा ठराव पुढच्या महिन्यात मतदानाला येणार आहे. तुमची मुलगी ज्या पुलाखालून शाळेत चालत जाते, तेथे दीड वर्षापासून पंधरावीस तंबू आहेत. एकदा तेथे आग लागली आणि एकदा एक माणूस मुलीवर इतक्या मोठ्याने ओरडला की ती आठवडाभर त्या वाटेने गेली नाही. बंदी यावी असे तुम्हाला वाटते, तसे वाटल्याबद्दल मनाला टोचणीही लागते, आणि बंदी आल्यावर ही माणसे नुसती पुढच्या गल्लीत तर जाणार नाहीत ना, अशी शंकाही आहे. सुनावणीच्या वेळी काय बोलावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी पश्चिम किनाऱ्यावरील एका मध्यम आकाराच्या शहरात चौदा वर्षे आउटरीचचे काम करते आहे, म्हणजे रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना भेटणे, त्यांची कागदपत्रे काढून देणे, त्यांना दवाखान्यात नेणे आणि जमेल तेव्हा घरात पोहोचवणे. तुमचे शहर मला ठाऊक नाही. त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासून पाहाव्या लागतील. त्या कोणत्या, हे मी ओघात सांगेन.

आधी त्या टोचणीविषयी. तुमची तक्रार खरी आहे आणि ती करण्यात काहीही गैर नाही. पुलाखाली स्टोव्ह पेटवला की आग लागण्याचा धोका असतोच, आणि तिचा पहिला बळी बहुधा तंबूत झोपलेला माणूसच असतो. पदपथ अडला की व्हीलचेअरवरच्या माणसाला भर रहदारीच्या रस्त्यावर उतरावे लागते. पोर्टलंड शहरातील अपंग नागरिकांनी २०२२ मध्ये नेमक्या याच कारणासाठी शहरावर दावा लावला होता, आणि पुढच्या वर्षी पदपथ मोकळे ठेवण्याची हमी देऊन शहराला तडजोड करावी लागली. मोठ्या वस्त्यांमध्ये स्त्रियांवर अत्याचार होतात आणि त्यांतले फारच थोडे पोलिसांपर्यंत पोहोचतात. दोन वस्त्या बंद कराव्यात असा अर्ज मी स्वतः शहराकडे केला आहे. तेथे राहणाऱ्या बायकांना रात्री झोप लागत नव्हती; त्या दिवसा बसमध्ये बसून झोपत असत. तेव्हा तंबूंच्या बाजूचा तो दयाळू आणि विरोधात बोलणारा तो निर्दय, ही मांडणी मला मान्य नाही. माझ्या ओळखीच्या तंबूवासीयांपैकी पुष्कळांनाही ती मान्य होणार नाही.

कौन्सिलपुढे प्रश्न ‘बंदी हवी की नको’ असा मांडला जाईल. बंदीचा परिणाम मात्र वेगळ्याच प्रश्नावर ठरतो, असे माझा अनुभव सांगतो. पोलीस किंवा पालिकेचा माणूस तंबूवर थाप मारून ‘इथून उठा’ म्हणतो, तेव्हा आतून एकच प्रश्न येतो: ‘कुठे जाऊ?’ त्याला त्या रात्रीपुरते खरे ठरेल आणि त्या विशिष्ट माणसाला पाळता येईल असे उत्तर शहराजवळ आहे की नाही, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. उत्तर असेल तर बंदी नसतानाही वस्ती रिकामी होऊ शकते. ते नसेल, तर बंदी कितीही कडक असली तरी तोच तंबू तीन दिवसांनी नाल्याकाठी दिसतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण सुनावणीत तिचा उल्लेख होईल आणि तो बहुधा अर्धवट असेल. अमेरिकी राज्यघटनेची आठवी दुरुस्ती क्रूर आणि असाधारण शिक्षेला मनाई करते. १९६२ च्या ‘रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की एखाद्याला व्यसन आहे, या केवळ स्थितीबद्दल शिक्षा देता येत नाही. त्या तत्त्वाचा आधार घेऊन पश्चिमेकडील नऊ राज्यांवर अधिकार असलेल्या ‘नवव्या सर्किट’च्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये ‘मार्टिन विरुद्ध बॉइझी’ खटल्यात निर्णय दिला की निवाऱ्यात जागा उपलब्ध नसताना बाहेर झोपल्याबद्दल फौजदारी शिक्षा करता येणार नाही. पुढे ओरेगॉनमधील ग्रँट्स पास या सुमारे ३८ हजार वस्तीच्या गावाचे प्रकरण वर गेले. तेथील नियमांनुसार उद्यानात अंथरूण टाकून झोपल्यास २९५ डॉलरचा दंड होता. पुन्हापुन्हा नियम मोडणाऱ्याला तीस दिवस उद्यानबंदी, आणि ती मोडल्यास तीस दिवसांपर्यंत तुरुंगवास व १,२५० डॉलरपर्यंत दंड होऊ शकत होता. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी या नियमांमुळे आठव्या दुरुस्तीचा भंग होत नाही, असा निकाल दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी लिहिले; झोप ही शरीराची गरज आहे, तो गुन्हा नव्हे, अशा शब्दांत न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी मतभेद नोंदवला.

या निकालाचा अर्थ ‘आता शहरे हवे ते करू शकतात’ असा घेतला जातो, तो चूक आहे. न्यायालयाने फक्त आठव्या दुरुस्तीपुरता निर्णय दिला. माणसाचे सामान उचलून नष्ट करण्याविषयीचे संरक्षण चौथ्या आणि चौदाव्या दुरुस्तीतून येते. नवव्या सर्किटने २०१२ च्या ‘लव्हान विरुद्ध लॉस एंजेलिस’ खटल्यात सांगितले होते की थोड्या वेळासाठी बाजूला ठेवलेले सामान शहराला कचरा म्हणून फेकता येत नाही. ग्रँट्स पासच्या निकालाने तो प्रश्न हाताळलेलाच नाही. अपंगांच्या हक्कांचा केंद्रीय कायदाही जागच्या जागी आहे. त्याखेरीज राज्याराज्यांत मोठा फरक आहे. ओरेगॉनने २०२१ मध्येच कायदा केला की सार्वजनिक जागेत बसण्या-झोपण्यावरचे नियम वेळ, जागा आणि पद्धत यांच्या दृष्टीने वाजवी असले पाहिजेत. उलट टेक्सासने २०२१ पासून आणि फ्लोरिडाने ऑक्टोबर २०२४ पासून राज्यभर मनाई लागू केली आहे. फ्लोरिडात तर शहराने अंमलबजावणी केली नाही, म्हणून रहिवासी त्याच्यावर दावा लावू शकतो. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी जुलै २०२४ मध्ये राज्याच्या जागेवरील तंबू हटवण्याचा आदेश काढला. जुलै २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जो आदेश काढला, त्यात अशी बंदी राबवणाऱ्या शहरांना व राज्यांना केंद्रीय अनुदानात प्राधान्य देण्याची दिशा आहे. म्हणून तुमचे राज्य कोणते, हे आधी पाहा. काही ठिकाणी बंदी घालावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार कौन्सिलजवळ फारसा उरलेलाच नाही. ती कशी राबवायची एवढेच तिच्या हाती आहे, आणि माझ्या मते महत्त्वाचा भाग तोच आहे.

आता त्या तंबूंमध्ये कोण आहे, ते पाहू. जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या देशव्यापी गणनेत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. त्यांपैकी सुमारे पावणेतीन लाख निवाऱ्याबाहेर होती. आदल्या वर्षीपेक्षा एकूण आकडा १८ टक्क्यांनी वाढला होता. एका रात्रीची ही मोजणी कमीच भरते, कारण गाडीत किंवा झुडपाआड झोपलेला माणूस मोजणाऱ्याच्या नजरेला पडत नाही. ‘ही बाहेरून आलेली माणसे आहेत’ हे वाक्य प्रत्येक सुनावणीत ऐकू येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राज्यव्यापी पाहणीत दर दहांपैकी नऊ जणांनी आपले शेवटचे घर कॅलिफोर्नियातच गमावले होते आणि चारांपैकी तिघे ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) घर गेले, त्याच काउंटीत राहत होते. घर जाण्यापूर्वीच्या सहा महिन्यांत त्यांच्या कुटुंबाचे मध्यक उत्पन्न महिन्याला ९६० डॉलर होते. त्या राज्यात एवढ्या उत्पन्नात भाड्याची खोली मिळत नाही. त्यांच्यात व्यसन आणि मानसिक आजार सर्वसामान्य लोकांपेक्षा पुष्कळ अधिक आहेत, हे त्या पाहणीतही दिसते आणि मी रोज पाहते. मात्र किती जणांचे व्यसन रस्त्यावर आल्यानंतर सुरू झाले किंवा वाढले, हे विचारल्याशिवाय कारण आणि परिणाम यांची गफलत होते. रात्री सामान चोरीला जाऊ नये म्हणून जागे राहण्यासाठी मेथ हा झोप उडवणारा अमली पदार्थ घ्यायला लागलेली माणसे मला भेटली आहेत.

येथून पुढे मी जे सांगणार आहे, ते सुनावणीत फारसे कुणी बोलत नाही. पण माझ्या कामाचा निम्मा वेळ त्यातच जातो. तंबू हटवण्याच्या कारवाईला आम्ही ‘स्वीप’ म्हणतो. स्वीपमध्ये तंबू जातो, तो मिळवता येतो. कागद जातात, ते मिळवायला महिने लागतात. भाड्याचे घर किंवा भाडे-साहाय्याचे व्हाउचर मिळवण्यासाठी फोटो ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि बऱ्याचदा जन्मदाखला लागतो. जन्म दुसऱ्या राज्यात झाला असेल तर दाखला तिकडून टपालाने मागवावा लागतो. तो मागवायला ओळखपत्र लागते. आणि ओळखपत्र काढायला जन्मदाखला लागतो. हे चक्र भेदायला एक अनुभवी केसवर्कर आणि सहाआठ आठवडे लागतात. शिवाय टपाल कुठल्या पत्त्यावर यायचे, हा प्रश्न असतोच.

एका साठीच्या बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्या पूर्वी एका वृद्धाश्रमात मदतनीस होत्या, मणक्याचे दुखणे झाले आणि काम सुटले. त्यांचे व्हाउचर मंजूर झाले होते. व्हाउचर हाती पडल्यावर घर शोधायला सुरुवातीची मुदत बहुधा साठ दिवसांची असते. आम्ही घरमालक शोधला, भेट ठरवली. त्या भेटीच्या तीन दिवस आधी पहाटे स्वीप झाला. नोटीस लावली होती, पण पुलाच्या दुसऱ्या बाजूच्या खांबावर. बाई त्या वेळी शौचालय शोधायला पेट्रोल पंपावर गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा इन्सुलिन, फोन आणि कागदांची प्लास्टिकची पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली होती. फोन गेल्यामुळे आमचा संपर्क तुटला. बाई मला सापडल्या एकोणीस दिवसांनी, रुग्णालयात, साखर वाढल्यामुळे. घरमालकाने तोवर दुसरा भाडेकरू घेतला होता. बाईंनी बंदीला विरोध केला नव्हता, कुठे जाण्यास नकार दिला नव्हता. त्या घरात जाण्याच्या वाटेवरच होत्या, आणि शहराच्याच एका खात्याने शहराच्याच दुसऱ्या खात्याचे काम उधळून लावले. ते दोन्ही खर्च तुमच्या करातून झाले.

आरोग्याच्या बाबतीतही असेच घडते. २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २३ अमेरिकी शहरांचे एक गणिती प्रतिमान प्रसिद्ध झाले. इंजेक्शनने अमली पदार्थ घेणाऱ्या बेघरांना वारंवार हुसकावले, तर पुढील दहा वर्षांत त्यांच्यातील मृत्यू आणि रुग्णालयातील भरती लक्षणीय वाढेल, असा त्याचा निष्कर्ष होता. हे प्रतिमान आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे, ही मर्यादा लक्षात ठेवावी. कारण मात्र सरळ आहे. माणूस जागेवरून हलला की मेथाडोन या व्यसनावरील औषधाच्या रोजच्या डोसासाठीचे जाणे चुकते, जखमेची पट्टी बदलणारी नर्स त्याला शोधू शकत नाही, आणि ओव्हरडोस झाला तर त्यावरचा उतारा, नॅलॉक्सोन, देणारा शेजारी जवळ नसतो.

दंडाविषयी माझे मत स्पष्ट आहे: मी जेथे काम केले, तेथे दंडामुळे कुणी घरात गेल्याचे मला एकदाही दिसले नाही. तीनशे डॉलर ज्याच्याजवळ नाहीत, तो ते भरत नाही. रक्कम वाढते, वसुलीकडे जाते, आणि भाडेकरूची पतपडताळणी करणाऱ्या घरमालकासमोर येते. कोर्टाची तारीख चुकली की वॉरंट निघते. वॉरंट असलेला माणूस मार लागला तरी पोलिसांना बोलावत नाही आणि आमच्या लाल जाकिटांपासूनही दूर पळतो, कारण कुठलाही गणवेश त्याला सारखाच वाटतो. नंतर एखादी नोकरी किंवा खोली हाती येते, तेव्हा पार्श्वभूमी-तपासणीत ते वॉरंट पुढे उभे राहते. शिक्षा जेवढी कडक, तेवढा त्या माणसाचा रस्त्यावरचा मुक्काम लांबतो.

यावर दुसऱ्या बाजूचा जो सर्वांत बळकट मुद्दा आहे, तोही नीट मांडायला हवा: ‘निवारा देऊ केला तरी ते नाकारतात, मग सक्ती नको का?’ नाकारतात, हे खरे आहे. पण काय नाकारतात, ते पाहावे. ज्या ग्रँट्स पासचा खटला गाजला, तेथे प्रौढांसाठी एकच मोठा निवारा होता, तो एका धार्मिक संस्थेचा. तेथे प्रार्थनेला हजर राहणे सक्तीचे, धूम्रपान पूर्ण वर्ज्य आणि रोज काही तास काम करणे बंधनकारक होते. इतर शहरांतल्या अनेक निवाऱ्यांत संध्याकाळी चारपाचला रांग लावावी लागते आणि सकाळी सहासातला बाहेर पडावे लागते. खाट एका रात्रीची असते. रात्रपाळी करणाऱ्याला ही वेळ पाळता येत नाही. नवरा-बायकोला वेगळे झोपावे लागते. कुत्रा घेत नाहीत, आणि ज्याच्याशी गेल्या चार वर्षांत फक्त कुत्राच मायेने वागला असेल, तो कुत्र्याला रस्त्यावर सोडून आत जात नाही. सामान दोन पिशव्यांपुरतेच चालते. ज्याला रात्री ऑक्सिजनचे यंत्र लागते, त्याला पुष्कळ ठिकाणी घेतच नाहीत. एका रात्रीच्या खाटेसाठी तंबू आणि सामान कायमचे गमवायचे, हा व्यवहार तुमच्या-माझ्यापुढे आला तर आपणही विचार करू. याउलट दार बंद होणारी, किल्ली हातात येणारी एक साधी खोली देऊ केली, की होकाराचे प्रमाण एकदम बदलते. चौदा वर्षांत खोली नाकारणारे मला थोडे भेटले. त्यांतले बहुतेक गंभीर मानसिक आजाराने ग्रासलेले होते, आणि त्यांना दंडाची पावती वाचण्याचेही भान नव्हते. त्यांच्यासाठी उपचाराची वेगळी सोय लागते, आणि कधी कधी न्यायालयाच्या देखरेखीखाली सक्तीचा उपचारही लागतो, असे मी अनिच्छेने पण ठामपणे म्हणते.

आणि तारखेचा उपयोग होतो, हेही मला कबूल केले पाहिजे. वस्ती अमुक दिवशी बंद होणार हे निश्चित झाल्याने निर्णय घेणारी माणसे मी पाहिली आहेत. फीनिक्समध्ये ‘द झोन’ या नावाने ओळखली जाणारी प्रचंड वस्ती न्यायालयाच्या आदेशामुळे २०२३ मध्ये रिकामी करावी लागली. शहराने ती एकेक गल्ली घेऊन, आधी सांगून, जागा देऊ करत रिकामी केली, आणि तेथील बहुतेक लोक छताखाली गेले. म्हणजे दबाव निरुपयोगी नाही. मागे उघडे दार असेल तरच दबाव माणसाला आत ढकलतो, नाहीतर तो नुसता पुढे ढकलतो.

ह्यूस्टनचे उदाहरण मला म्हणूनच सर्वांत उपयुक्त वाटते. तेथे २०१७ पासून बंदी आहे; पण २०११ नंतर तेथील बेघरांची संख्या साठ टक्क्यांहून अधिक घटली, तिचे श्रेय बंदीला देता येत नाही. शहर, काउंटी आणि शंभराहून अधिक संस्थांनी एकच यादी, एकच संगणकीय नोंद आणि एकच क्रम ठरवला. वस्ती बंद करताना आधी तेथील प्रत्येकाची नावानिशी यादी होते, त्यांना घरे देऊ केली जातात, आणि माणसे हलल्यावर जागेला कुंपण घातले जाते. क्रम एवढाच महत्त्वाचा आहे: आधी माणूस, मग तंबू, मग कुंपण. अर्थात ह्यूस्टनमध्ये भाडी किनाऱ्यावरील शहरांच्या मानाने कमी आहेत आणि बांधकामावरचे निर्बंध सैल आहेत. जेथे रिकामी घरेच नाहीत, तेथे हा क्रम फार हळू चालतो. डेन्व्हरमध्ये वारंवार तुरुंगात जाणाऱ्या बेघरांना सोडतीने आधारयुक्त घरे, म्हणजे मदतनीस सेवांची जोड असलेली घरे, देऊन त्यांची घरे न मिळालेल्यांशी तुलना करण्यात आली. घर मिळालेल्या गटात पोलिसांशी संबंध येण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि अटकेचे ४० टक्क्यांनी कमी झाले, आणि तीन वर्षांनंतरही चारांपैकी तिघांहून अधिक जण घरात टिकून होते. घराने व्यसन आपोआप सुटते, असा दावा मात्र मी करणार नाही. कॅनडातील पाच शहरांत २००९ ते २०१३ या काळात सुमारे दोन हजार लोकांवर झालेल्या प्रयोगात घर टिकण्याचे प्रमाण खूप वाढले, पण व्यसनाच्या बाबतीत घर मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फारसा फरक पडला नाही. घर हा उपचाराचा पाया आहे. उपचार वेगळा करावाच लागतो, आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे दिसले पाहिजेत.

तर तुमच्या मूळ शंकेचे उत्तर असे, की जागा नसताना राबवलेल्या बंदीने माणसे बहुधा पुढच्या गल्लीतच जातात, आणि जाताना अधिक आजारी व अधिक कर्जबाजारी होऊन जातात. जागा, नावानिशी यादी आणि पुरेसा वेळ असेल, तर वस्ती बंद करणे हे सर्वांच्याच भल्याचे ठरू शकते. तुमच्या शहरात यांतले काय आहे, ते शोधणे तुमच्या हातात आहे.

सुनावणीत साधारण दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात बंदीच्या बाजूने किंवा विरोधात भाषण केलेत, तर ते चाळीस भाषणांत विरून जाईल. त्याऐवजी ठरावाचा मसुदा आधी डाउनलोड करून वाचा आणि त्यातील कलमांवर प्रश्न विचारा. आज रात्री शहरात रिकाम्या खाटा किती, आणि त्यांतल्या किती जोडप्यांना, कुत्रा असलेल्यांना, व्हीलचेअरवरच्यांना चालतात? ‘निवारा उपलब्ध आहे’ असे केव्हा मानायचे, हे मसुद्यात लिहिले आहे का, की ते जागेवरच्या पोलिसावर सोडले आहे? नोटीस किती तासांची आहे? मी किमान सात दिवस मागेन. ४८ तासांत एकही खोली मिळत नाही. सामान किती दिवस, कुठे आणि बसने पोहोचता येईल अशा ठिकाणी ठेवणार का? कागदपत्रे आणि औषधे वेगळी काढून त्याच दिवशी परत देण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या माणसाची आहे, हे नाव घेऊन विचारा. हे कलम मी एकदा एका शहरात घालून घेतले आणि त्याने मला बाकी सगळ्या वादांपेक्षा अधिक समाधान दिले. पोलिसांच्या आधी आउटरीचचा माणूस जाणार का? दंडाऐवजी काय? शाळा, पूल आणि व्हीलचेअरचे मार्ग या जागांना आधी हात घालणार, की व्यापारी पेठेला? या शेवटच्या प्रश्नात तुमच्या मुलीची वाटही येते, आणि ती मागणी संकोच न करता करा. पुलाखालची वाट ही आगीची जागा आहे; ती वस्ती यादीत सर्वांत वर असावी आणि तेथील पंधरावीस जणांना उपलब्ध जागांपैकी पहिल्या जागा मिळाव्यात, असे म्हणण्यात दोन्ही बाजूंचे हित एकत्र येते.

ठराव मंजूर झाला, तर दर तीन महिन्यांनी आकडे जाहीर करण्याची अट मागा. किती तंबू हटवले, हा आकडा शहरे आनंदाने देतात. त्याऐवजी किती जण छताखाली गेले, नव्वद दिवसांनी त्यांतले किती तेथेच आहेत, आणि किती जणांचे सामान त्यांना परत मिळाले, हे विचारा. हे तीन आकडे ज्या शहराला देता येत नाहीत, ते शहर काय करते आहे हे त्याला स्वतःलाही कळत नसते.

मतदानाला अजून महिना आहे आणि मुलगी उद्याही शाळेत जाणार आहे, म्हणून हेही सांगते. तोवर तिला दुसऱ्या वाटेने न्या किंवा सोबत जा; यात कुणाचा अपमान नाही. शहराच्या आउटरीच पथकाचा क्रमांक शोधा. बहुतेक ठिकाणी ३११ किंवा २११ या मदत-क्रमांकांवर फोन केल्यास तो मिळतो. ‘तंबू हटवा’ एवढेच न सांगता नेमके काय दिसले ते सांगा: कोणत्या खांबाशी शेगडी पेटते, कोणता माणूस हल्ली स्वतःशी ओरडतो, तो आधी तसा नव्हता का. जो माणूस तिच्यावर ओरडला, त्याच्याविषयीची अशी नोंद आमच्यासारख्या पथकाकडे आली, तर आम्ही त्याच आठवड्यात नर्स सोबत घेऊन त्याच्याकडे जातो. तेथील एखाद्या जुन्या रहिवाशाशी दिवसाउजेडी, हवे तर शेजाऱ्याला घेऊन, दोन शब्द बोलून पाहा. प्रत्येक वस्तीत सगळ्यांवर लक्ष ठेवणारे एक माणूस असते, बहुतेक वेळा एखादी वयस्क बाई. मुले सकाळी आठला येथून जातात, एवढे तिला सांगितले, तर ती त्या वेळी वाट मोकळी ठेवते, असे मी एकाहून अधिक पुलांखाली पाहिले आहे. आणि तिचे नाव विचारून ठेवा. यादी करायला पथक येईल तेव्हा त्यांना ते सांगता येईल.